दयेचा खंदक: मध्ययुगीन इंग्लंडमधील सीमेचा धर्मविचार

इंग्लंडच्या ग्रामीण भागात, विशेषतः मध्य आणि पूर्वेकडील चिकणमातीच्या प्रदेशांत, रुंद चरांनी वेढलेल्या चौकोनी जागा मोठ्या संख्येने आढळतात. काहींत अजून पाणी आहे, काही कोरड्या पडल्या आहेत. पुरातत्त्वाच्या नोंदींत अशी सुमारे ६,००० स्थळे असून त्यांतील बहुसंख्य १२५० ते १३५० या शंभर वर्षांत खोदली गेली. चराने वेढलेल्या बेटावर मॅनरचे मुख्य घर असे. मॅनर म्हणजे जमीनदाराची स्वतःची शेती, त्याची कुळे आणि त्याचे स्थानिक न्यायालय यांना एकत्र बांधणारा जमीनदारी घटक. हे घर मराठी वाचकाच्या परिचयाच्या गढीसारखे होते. मात्र येथे रक्षणाचा भार उंच तटापेक्षा खोल खंदकावर अधिक असे. ज्या काळात हे खंदक खोदले जात होते, त्याच काळात युरोपातील धर्मपंडित खाजगी मालमत्तेच्या नैतिक आधाराविषयी वाद घालत होते, आणि इंग्लंडमधील आध्यात्मिक लेखक खंदकाला सद्गुणाचे रूप देत होते. या घडामोडी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक मूलभूत धर्मप्रश्न उभा राहतो: देवाने सर्वांसाठी निर्माण केलेल्या भूमीवर एका माणसाने स्वतःभोवती सीमा आखणे कोणत्या अटीवर न्याय्य ठरते?

खंदकाचे तंत्र साधे होते. चिकणमातीत पाणी सहसा मुरत नाही, म्हणून ओढ्याचे, झऱ्याचे किंवा पावसाचे पाणी चरात साठवता येई. खणलेली माती आतल्या बाजूस पसरून बेटाची पातळी उंचावली जाई, त्यामुळे ओलसर जमिनीतही घराचा पाया कोरडा राही. या पाण्यात मासे ठेवता येत, आणि वर्षातील अनेक उपवासांच्या दिवशी मांस वर्ज्य मानणाऱ्या समाजात माशांचे मोल मोठे होते. आग लागल्यास पाणी हाताशी असे, गुरे रात्री भटकत नसत आणि भुरटा चोर सहज आत शिरू शकत नसे. खोदाईचे कष्ट कुळांच्या वेठीतून किंवा रोजावर लावलेल्या मजुरांच्या हातून होत. तेराव्या शतकात लोकसंख्या वाढत होती आणि वॉरविकशरमधील आर्डनसारखे वनप्रदेश तोडून नवी शेते काढली जात होती. अशा नव्या जमिनींवर बड्या सरदारांप्रमाणेच नाइट म्हणवणारे मध्यम ऐपतीचे जमीनदार, मठांची शेतघरे सांभाळणारे साधू आणि काही सधन स्वतंत्र शेतकरीही घराभोवती खंदक खोदू लागले.

या खोदाईमागे खरी भीती होती, हे नाकारता येत नाही. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने राजरस्त्यांच्या दोन्ही बाजूंची २०० फुटांपर्यंतची झुडपे तोडण्याचा आदेश दिला, कारण दरोडेखोर त्यांत दबा धरून बसत; १३२६ मध्ये लेस्टरशरमधील फॉलव्हिल बंधूंच्या टोळीने रॉजर बेलर्स या राजाच्या महसूल-न्यायाधीशाचाच खून केला. परंतु केवळ भीतीने सर्व खंदकांचा उलगडा होत नाही. श्रॉपशरमधील स्टोकसे येथील गढी लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या श्रीमंत व्यापाऱ्याने बांधली, आणि तटाला चऱ्या काढण्याचा, म्हणजे घराला दुर्गाचे रूप देण्याचा, राजपरवाना त्याला १२९१ मध्ये मिळाला. तिच्या मुख्य दालनाला प्रकाशासाठी मोठमोठ्या खिडक्या आहेत, आणि वेढा घालणाऱ्या सैन्याची अपेक्षा ठेवून कोणी अशा खिडक्या ठेवीत नाही. येथे खंदक आणि बुरूज मुख्यतः मालकाची प्रतिष्ठा सांगतात. परवान्यानंतर तीनच वर्षांनी, १२९४ मध्ये, लोकर परदेशी नेत असताना लॉरेन्स समुद्रात बुडून मरण पावला. संपत्तीने मिळणारे संरक्षण किती मर्यादित असते, हे त्या काळचे धर्मोपदेशक वारंवार सांगत, ते अशा घटना डोळ्यांसमोर ठेवूनच.

सीमा आखण्याच्या हक्काला कायद्यानेही सुरुवातीपासून एक नैतिक अट जोडली होती. १२१७ च्या वनसनदेने राजाच्या आरक्षित वनप्रदेशात जमीन असलेल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या जागेत गिरणी, मत्स्यतळे, चर किंवा शेत करण्याची मुभा दिली, पण त्यामुळे कोणत्याही शेजाऱ्याचे नुकसान होता कामा नये, असे त्याच कलमात बजावले. १२३५ च्या मर्टनच्या कायद्याने जमीनदारांना गावाच्या सामाईक पडीक रानाचा काही भाग वेगळा काढून घेण्याची परवानगी दिली, आणि तेथेही कुळांच्या गुरांना पुरेसे चराऊ रान शिल्लक राहिले पाहिजे, ही अट होती. व्यवहारात ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे ठरवण्यात जमीनदाराचेच पारडे जड असे. तरीही तत्त्व म्हणून या अटींचे महत्त्व कमी होत नाही, कारण सीमेच्या आतील हक्क सीमेबाहेरच्या माणसाच्या स्थितीवर अवलंबून आहे, हे त्यांत मान्य केलेले आहे.

हेच तत्त्व थॉमस अक्वायनस या डॉमिनिकन पंथाच्या तत्त्वज्ञाने १२७१-७२ च्या सुमारास ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात अधिक खोलवर मांडले. त्याने स्वामित्वाचे दोन पैलू वेगळे केले. वस्तू मिळवणे आणि तिची व्यवस्था पाहणे हा पहिला पैलू, आणि त्याबाबत खाजगी मालकी योग्य आहे, कारण माणूस स्वतःच्या वस्तूची अधिक काळजी घेतो, ज्याचे त्याचे काम ठरलेले असल्याने गोंधळ टळतो, आणि समाजात शांतता राहते. वस्तूचा उपभोग हा दुसरा पैलू, आणि त्याबाबत मात्र माणसाने आपली वस्तू सर्वांची आहे असे मानले पाहिजे, म्हणजे दुसऱ्याच्या गरजेत ती देण्यास तत्पर राहिले पाहिजे. पुढे जाऊन तो म्हणतो की, श्रीमंतांजवळ जे गरजेहून अधिक आहे ते निसर्गनियमानेच गरिबांच्या पोषणासाठी आहे, आणि ज्याचा जीव जाण्याची वेळ आली आहे त्याने जगण्यापुरते दुसऱ्याचे उचलले तर ती चोरी ठरत नाही. निसर्गनियम म्हणजे मानवी कायद्याच्या आधीचा, बुद्धीला उमगणारा ईश्वरी व्यवस्थेचा अंश. खाजगी मालकी ही त्या व्यवस्थेवर माणसाने बुद्धीने चढवलेली भर आहे, आणि म्हणून मूळ व्यवस्थेचा हेतू मोडण्याचा अधिकार तिला नाही. या विचारानुसार खंदक खोदणे पाप नव्हे. मात्र उपाशी माणूस पुलाशी उभा असताना पूल बंद ठेवणे हा अन्याय ठरतो.

फ्रान्सिस्कन साधूंनी याहून कठोर प्रश्न विचारला. १२२४ मध्ये इंग्लंडला आलेला हा पंथ व्यक्ती म्हणून तसेच समूह म्हणूनही काहीही मालकीचे ठेवायचे नाही, या आदर्शावर उभा होता, आणि ख्रिस्त व त्याचे शिष्य यांनीही काहीच मालकीचे ठेवले नव्हते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पोप जॉन बाविसावा याने १३२३ मध्ये हे मत पाखंडी ठरवले, आणि सरे परगण्यातील ऑकम गावाच्या नावाने ओळखला जाणारा तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम १३२८ मध्ये पोपच्या दरबारातून पळून जाऊन त्या निर्णयाविरुद्ध आयुष्यभर लिहीत राहिला. या वादाने एक गोष्ट स्पष्ट केली: वस्तू वापरणे आणि तिच्यावरून दुसऱ्याला दूर ठेवण्याचा हक्क सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीचे समर्थन पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

घरगुती जीवनात या तत्त्वांची परीक्षा पुलावर आणि मुख्य दालनात होत असे. लिंकनचा बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट याने सुमारे १२४० मध्ये लिंकनच्या काउंटेससाठी घर आणि जमीनजुमला चालवण्याचे नियम लिहून दिले. त्यांत धान्याचा हिशेब, नोकरांची निवड आणि पाहुण्यांचा मान यांबरोबरच दोन गोष्टींवर त्याचा भर दिसतो: पंगतीतील उरलेले अन्न प्रामाणिकपणे गोळा करून गरिबांना वाटले जावे, आणि घरधनिणीने आडोशाच्या खोलीत न जेवता दालनात सर्वांसमक्ष बसावे. पहिला नियम घराबाहेरच्या माणसासाठी आहे, दुसरा घरातल्या माणसांसाठी. दोहोंचा हेतू एकच, की स्वामित्व दृष्टीआड जाऊ नये, कारण दृष्टीआड गेलेला स्वामी इतरांची गरज पाहण्याचे थांबतो. खंदकाच्या आत आणखी एक दार आणि त्या दाराआड आणखी एक खोली, अशी अलगतेची साखळी वाढत जाते, आणि ग्रोसटेस्टचे नियम तिला पहिल्याच कडीपाशी अडवू पाहतात.

१३१५ ते १३१७ या वर्षांतील महादुष्काळाने ही परीक्षा अत्यंत कठोर केली. सलग अतिवृष्टीने पिके कुजली, मीठ वाळेना, धान्याच्या किमती अनेक पटींनी चढल्या आणि इंग्लंडची अंदाजे दहा ते पंधरा टक्के लोकसंख्या मृत्युमुखी पडली. ज्यांच्याकडे कोठारे आणि मत्स्यतळी होती ते बहुतांशी तगले, आणि ज्यांनी चर खणले होते त्या मजुरांच्या वर्गावर मृत्यूचा सर्वांत मोठा घाला पडला. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दृष्टान्त त्या काळच्या प्रवचनांत सर्वपरिचित होता. त्यात लाजर नावाचा भिकारी श्रीमंताच्या दाराशी उपाशी पडून असतो, आणि मृत्यूनंतर दोघांची स्थिती उलटते तेव्हा त्यांच्यामध्ये कोणालाही ओलांडता न येणारी एक मोठी दरी असते. या दृष्टान्तातील श्रीमंताने लाजरला मारहाण केली नव्हती किंवा त्याचे काही हिरावलेही नव्हते. त्याने केवळ अंतर राखले होते. जिवंतपणी ते अंतर एका पावलाचे होते आणि ते ओलांडणे त्याच्या हाती होते; मृत्यूनंतर तेच अंतर कायमचे झाले. सीमेविषयीचा ख्रिस्ती विचार येथे सर्वांत गंभीर रूप घेतो: माणूस दुसऱ्याला दूर ठेवण्यासाठी जी रेघ आखतो, तिच्यावर पूल न बांधल्यास ती त्याच्याच आत्म्याची तुरुंगभिंत होऊ शकते.

या पार्श्वभूमीवर आध्यात्मिक लेखकांनी खंदकाचा केलेला वापर विशेष अर्थपूर्ण ठरतो. यॉर्कशरमधील रिव्हो मठाचा अधिपती एल्रेड, ज्याचा मृत्यू ११६७ मध्ये झाला, त्याने येशूची आई मरिया हिच्या स्वर्गोन्नयनाच्या सणानिमित्त केलेल्या एका प्रवचनात आत्म्याला किल्ल्याची उपमा दिली आणि त्याचे तीन भाग सांगितले: खंदक म्हणजे नम्रता, तट म्हणजे शुद्ध आचरण आणि बुरूज म्हणजे प्रेम. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिम इंग्लंडमध्ये एकांतवासिनींसाठी, म्हणजे चर्चला लागून असलेल्या कोठडीत आजन्म राहून प्रार्थना करणाऱ्या स्त्रियांसाठी, लिहिलेल्या ‘अँक्रिन विस’ या मार्गदर्शक ग्रंथात हीच प्रतिमा पुढे नेलेली दिसते, आणि तेथे नम्रतेच्या खोल खंदकात पाणी आहे ते अश्रूंचे. ग्रोसटेस्टने ‘शातो दामूर’, म्हणजे प्रेमाचा किल्ला, या अँग्लो-नॉर्मन काव्यात मरियेला किल्ल्याचे रूप दिले. त्यात खंदक म्हणजे स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य आहे, आणि बुरुजात उगम पावणाऱ्या कृपेच्या झऱ्याचे चार प्रवाह वाहत येऊन तो भरतात. हाच ग्रोसटेस्ट ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस्कनांचा पहिला अध्यापक होता, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रतिमेमागील निवड किती विचारपूर्वक होती ते कळते.

या तिन्ही लेखकांनी खंदकातून उचललेला गुण एकच आहे, तो म्हणजे खोली. तट आणि बुरूज रचून उभे राहतात, खंदक मात्र काढून टाकण्याने तयार होतो. त्याची ताकद त्याच्या रिकामेपणात असते, आणि पाणी साठते तेही तो आसपासच्या जमिनीहून खाली असल्यामुळे. आत्म्याचे रक्षण त्याने स्वतःभोवती जमवलेल्या गोष्टी करीत नाहीत, स्वतःतून काढून टाकलेल्या गोष्टींमुळे ते होते, आणि कृपा उतरते ती खालच्या जागी, असा या प्रतिमेचा आशय आहे. यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. अशी रूपके ऐकणाऱ्या जमीनदाराला आपला प्रत्यक्ष खंदकच पवित्र वाटू लागेल आणि अलगतेला धर्माची मान्यता मिळेल, हा धोका खरा होता. पण रूपकाची दिशा नीट पाहिली तर ते मालकाची बाजू घेत नाही. नम्रतेचा खंदक फक्त अहंकाराला बाहेर ठेवतो, आणि दारिद्र्याच्या खंदकात दुसऱ्याला वगळण्याचा हक्कच बुडालेला असतो. ज्याच्याजवळ राखण्यासारखे काही नाही, त्याला शेजाऱ्याची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दीर्घकाव्यात हा विचार परिपक्व होतो. त्यात पिअर्स हा नांगऱ्या यात्रेकरूंना सत्याच्या गढीचा रस्ता सांगतो, आणि त्या गढीभोवतीचा खंदक दयेचा आहे. तिच्या भिंती विवेकाच्या आहेत, पूल प्रार्थनेचा आहे, छपरावर शिशाऐवजी प्रेम आणि भावाभावांतील सौम्य बोलणे आहे, आणि दाराशी कृपा पहारा देते. आत जायचे तर सत्याची सेवा करणाऱ्या संयम, नम्रता, धीर, औदार्य अशा सात बहिणींपैकी कोणाशी तरी नाते असावे लागते. हे ऐकून यात्रेकरूंमधील एक खिसेकापू आणि त्याच्यासारखे इतर म्हणतात की आपले तेथे कोणीच नातलग नाही, आणि त्यावर पिअर्स सांगतो की दया तेथे राहते आणि तिचे नाते सर्वच पाप्यांशी आहे. खंदक येथे आपले मूळ कार्य उलटे करतो. खऱ्या मॅनरवर खंदक नातलग आणि परका यांत भेद करतो. सत्याच्या गढीचा खंदक मात्र ज्याला कोणी नातलग नाही त्याचाच नातलग होतो. शिवाय तो खंदक प्रत्येकालाच ओलांडावा लागतो, म्हणजे दयेच्या गरजेतून कोणीही सुटत नाही, आणि आत पोहोचलेला माणूस बाहेरच्याला आपल्याहून कमी लेखू शकत नाही.

प्रत्यक्ष इतिहास या आदर्शापासून दूर राहिला, आणि चर्चही त्याला अपवाद नव्हते. वेल्स या नगराचा बिशप राल्फ ऑफ श्रूजबरी याने १३४० च्या सुमारास राजपरवाना घेऊन आपल्या प्रासादाभोवती तट आणि खंदक उभारला, तो नगरवासीयांशी हक्कांवरून झालेल्या संघर्षाच्या काळात. १३४८-४९ च्या काळ्या मृत्यूने, म्हणजे प्लेगच्या महामारीने, मजूर दुर्मिळ झाले. जमीनदारांनी कायद्याने मजुरी रोखून धरली, आणि १३८१ मध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला. जॉन बॉल या धर्मोपदेशकाने ब्लॅकहीथ येथे जमलेल्या लोकांना सांगितले की निर्मितीच्या आरंभी सर्व माणसे समान होती आणि दास्य हे अन्यायी माणसांचे कृत्य आहे. अनेक ठिकाणी उठाव करणाऱ्यांनी मॅनरच्या न्यायालयांचे दप्तर जाळले, कारण वेठीची आणि दास्याची नोंद त्या कागदांत होती. माणसांना परस्परांपासून तोडणारी खरी सीमा पाण्यापेक्षा त्या कागदांत अधिक होती, हे त्यांनी ओळखले होते.

सीमेची बाजू मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका वेगळ्या प्रसंगाने उजळते. इंग्लंडचे चर्च पोपपासून वेगळे झाल्यानंतर, १५८५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये येणाऱ्या जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंचे अस्तित्वच राजद्रोह ठरवले आणि त्यांना आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड ठेवला. कॅथलिक राहिलेल्या अनेक घराण्यांची घरे जुन्या खंदकांच्या आत होती. नॉरफकमधील ऑक्सबर्ग हॉल आणि वुस्टरशरमधील हार्विंग्टन हॉल येथे धर्मगुरूंना लपवण्याच्या गुप्त जागा अजून पाहता येतात. वॉरविकशरमधील बॅडस्ली क्लिंटन हे खंदकाने वेढलेले घर ॲन वॉक्स आणि तिची बहीण यांनी भाड्याने घेतले होते, आणि ऑक्टोबर १५९१ मध्ये झडती घेणारे तेथे पोहोचले तेव्हा हेन्री गार्नेट, जॉन जेरार्ड, रॉबर्ट साउथवेल यांच्यासह अनेक धर्मगुरू खंदकाच्या पातळीवरील जुन्या गटारात घोट्याइतक्या पाण्यात सुमारे चार तास उभे राहून वाचले. अशा जागा घडवणारा निकोलस ओवेन १६०६ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसताना मरण पावला, आणि १९७० मध्ये चर्चने त्याला संत घोषित केले. अक्वायनसने शिकवले होते की माणसाने आपल्या सदसद्विवेकाविरुद्ध वागणे नेहमीच अयोग्य असते, तो विवेक चुकत असला तरीही. आणि अशा विवेकाला सत्तेपासून अलग एक जागा लागते. म्हणून सर्व सीमा मोडून टाकणे हे उत्तर होऊ शकत नाही. बॅडस्लीच्या सीमेला न्याय्यता मिळाली, कारण तिच्या आत मालकिणींनी स्वतःचे प्राण धोक्यात घालून दुसऱ्यांना जागा दिली होती.

या सर्व विचारपरंपरेतून सीमेच्या न्याय्यतेच्या तीन अटी हाती येतात. वनसनदेची पहिली अट शेजाऱ्याचे नुकसान न करण्याची आहे, आणि ती किमान आहे. अक्वायनसची दुसरी अट गरजेच्या वेळी आतले सर्वांचे मानण्याची आहे, आणि तिच्याशिवाय पहिली अपुरी पडते, कारण लाजर ज्याच्या दाराशी पडून होता त्या श्रीमंताने पहिली अट पाळलीच होती. एल्रेडपासून लँगलंडपर्यंतच्या लेखकांची तिसरी अट सर्वांत कठीण आहे: सीमा राखणाऱ्याने स्वतःही दयेचा याचक असल्याचे ओळखले पाहिजे, कारण त्या ओळखीवाचून दान हेही वर्चस्वाचे साधन बनते. शेतापासून राष्ट्राच्या सरहद्दीपर्यंत कोणतीही रेघ या तिन्ही अटींवर तपासता येते. आपले आणि परके यांची रेघ आखल्याशिवाय माणूस घर बांधू शकत नाही, शेत कसू शकत नाही आणि कित्येकदा आपली श्रद्धाही जपू शकत नाही. पण रेघ आखताच तिच्या पलीकडच्या माणसाचे ऋण त्याच्यावर चढते, आणि ते फेडण्यासाठी पुलाची जबाबदारी खंदक खोदणाऱ्यानेच उचलायची असते.